कुलूपबंद शेडमधले धनेश

ते प्रकरण आठवले की मी आजही एकटाच हसतो, आणि मग थोडा ओशाळतोही.

गणपती तीन आठवड्यांवर आले होते. लालबागजवळच्या आमच्या पोलीस ठाण्यात सकाळीच निनावी फोन आला. मीच उचलला. "साहेब, मंडळाच्या शेडमध्ये धनेश पक्षी कोंडलेत. नॅशनल पार्कातून आणलेले. कान लावून बघा."

आम्ही गेलो. आतून खरोखरच पक्ष्यांचा कलकलाट येत होता. दार ठोठावताच मंडळाचे सेक्रेटरी बाहेर आले आणि त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत दाराला कुलूप घातले. बँकेतून निवृत्त झालेला साधा माणूस, पण गळ्यात दुर्बीण आणि बुटांवर जंगलातला चिखल. आणखी काय पुरावा हवा?

"आत काय आहे?"

"सांगता येणार नाही."

"वन्यजीव कायदा माहितीय? तुरुंगात जाल."

"जाईन साहेब. पण चतुर्थीनंतर."

तीस वर्षांच्या नोकरीत असा आरोपी पाहिला नव्हता. झडतीसाठी दोन पंच लागतात, म्हणून हवालदार गल्लीतलेच दोघे घेऊन आला. त्यांना पाहून सेक्रेटरींनी माझे हात धरले. "साहेब, हे नकोत! धा मिनटात समोरच्या मंडळाक कळतला!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा गणपतीचा देखावा होता, समोरच्या मंडळापासून लपवलेला!

मग गल्लीत कुणाला न ओळखणारे पंच हिंदमाता बाजारातल्या साडीच्या दुकानातून आणले. आत कागदाच्या लगद्याचे चार धनेश झाडावर बसले होते आणि स्पीकरवर सेक्रेटरींनी दर रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाऊन टिपलेले आवाज चालू होते. "साहेब, दरवर्षी राजवाडाच होतो. यंदा भांडून पक्षी मंजूर करून घेतलेत. समोरच्यांनी आधी मांडले, तर पुन्हा माझं कोण ऐकणार?" मला मनापासून वाईट वाटले. पंचनाम्यात मी लिहिले, 'जिवंत प्राणी आढळला नाही', आणि पुढे एक शब्दही वाढवला नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या मंडळाचे अध्यक्ष ठाण्यात हजर. "जागरूक नागरिक म्हणून विचारतो, पंचनाम्याची नक्कल मिळेल का? सविस्तर असेल ना?" आवाज फोनवरचाच.

म्हटले, "बसा. आधी खोट्या खबरीबद्दल तुमचा जबाब घेऊ." अर्धा चहा टाकून गृहस्थ पसार झाले.

चतुर्थीला मी तिथेच बंदोबस्तावर होतो. पडदा सरकला, पोरे धनेशांकडे बोटे दाखवून ओरडू लागली आणि सेक्रेटरी रुमालाने डोळे पुसत राहिले.

गुन्हेगारांनी मला अनेकदा फसवले. पण शेजाऱ्याचा देखावा बघायला मलाच धाडीवर पाठवणारा तो अध्यक्ष एकटाच. तेव्हापासून कोणी खबर दिली की मी आधी विचारायचो, "तुम्हाला स्वतःला आत काय बघायचंय?"