तात्यांनी आणलेलं दूध

गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार काढतात. तिथल्या कोमट, फेसाळ दुधाचा वास आला की मला दवाखान्यातली माझ्या वडिलांची, आबांची खाट दिसते.

आबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, धार काढून तशाच हातांनी दुधाचा तांब्या घेऊन आले. "दादा, बघू की टाकं!" आबांनी हसत पट्टी वर केली. तात्यांनी टाक्यांवरून मायेनं बोटं फिरवली. "झ्याक शिवलंय की!" सगळा वॉर्ड हसला. आबांचं ते शेवटचं हसणं.

पुढं जखम चिघळली. "पट्टी कुणी उघडली?" डॉक्टर ओरडले. मी तात्यांचा तांब्या खाटेखाली सरकवला. आबा गेले.

तात्या आता थकलेत. अजूनही माझ्यापुढं दूध ठेवून विचारतात, "दादा कशानं गेला रं?"

"ताप आला हुता, तात्या," मी म्हणतो आणि पेला तोंडाला लावतो.