भरल्या गोठ्याचा फलक

धारोष्ण दुधाचा वास आला की मला मंगळवार पेठेतली एक निवडणूक आठवते आणि किळस येते. आमच्या कोपऱ्यावर एक गवळी संध्याकाळी म्हैस बांधून गिऱ्हाइकासमोरच धार काढायचा आणि पेला भरून द्यायचा. त्या वर्षी पेंडीचा भाव दुधाच्या दुप्पट वेगानं चढला होता. हिशेब मी स्वतः मांडून पाहिला होता. प्रचाराला आलेल्या उमेदवारानं फेसाळ पेला तोंडाला लावला. गवळी म्हणाला, "सायेब, पेंड परवडंना. म्हस इकायला काढलीया." "बघू की!" उमेदवार म्हणाला. "मामा, जरा हसा," त्याच्याबरोबरचा फोटोवाला ओरडला. गवळी भिडेखातर हसला. फोटो निघताच उमेदवारानं उरलेलं दूध गटारात ओतलं. आठवड्यानं चौकात फलक लागला. त्यावर गवळ्याचं हसू होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आमच्या काळात गोठा भरला'. म्हैस आदल्याच बाजारी विकली गेली होती. "मामा, भरल्या गोठ्यातलं दूध पाजा की!" येणारे-जाणारे चेष्टा करत. गवळी मला म्हणाला, "दादा, हसलोय तर मीच की. आता म्हस इकली म्हटलं तर कुणाला खरं वाटंल?" मतदान मी आजही चुकवत नाही. पण प्रचाराला दारात आलेल्याला, पक्ष कुठलाही असो, पाणीसुद्धा विचारत नाही.