देवीच्या रंगाचे मडके

जोयडा, १२ फेब्रुवारी १९३१, गुरुवार. सकाळी दाट धुके. गवंडी आला नाही, मोरी तशीच राहिली. दुपारी शेजारची तुळजा वारली.

तुळजा ही झिलू मेस्ताची बायको. जत्रेआधी देवीची लाकडी मूर्ती रंगवण्याचा मान त्याच्या घराचा. रंगाच्या मडक्याला बायकांनी हात लावायचा नाही, असा रिवाज.

झिलू धावड्याचा डिंक एका भांड्यात विरघळवी, कातड्याचा सरस दुसऱ्यात, आणि दोन्ही कोमट असताना मडक्यात एक करी. नुसता डिंक दमट हवेत सुटतो, नुसत्या सरसाला बुरशी धरते. एकत्र केलेले पाणी मधासारखे नितळ दिसे. मग त्यात तांबडी काव कालवायची.

एका वर्षी मात्र दोन्ही मडक्यात ओतताच पाणी पांढरे झाले, नासलेल्या दुधासारखे फुटले. डिंक आणि सरस एकमेकांना घट्ट धरून पाण्यातून वेगळे झाले आणि तळाशी चिकट गोळा होऊन बसले.

"देवीनं तुजा हात नाकारला, झिलू," जत्रेचा मानकरी भिकाजी गावकर म्हणाला. "औंदा खानापूरचा मेस्त बोलवायला पायजे."

झिलूने ढवळायची काठी खाली ठेवली. मान बापापासूनचा, आज्यापासूनचा.

तुळजा दारातून पाहत होती. देवीचे मडके स्वच्छ असावे म्हणून आदल्या दिवशी तिनेच ते कोकमाच्या, म्हणजे भिरंडाच्या, पाण्याने भरून ठेवले होते. तो आंबटपणा मडक्याच्या मातीत मुरला होता. बोलावे तर दोष तिच्यावर, गप्प राहावे तर नवऱ्याचा मान जाणार.

"देवीला कशाला मधी घालता, गावकरानु? मडक्यात भिरंडाचं पानी मी ठेवलं हुतं."

"तू? बाईमानसानं?"

"व्हय, मीच. आता राखेचं निवळ पानी घालून बगा. आंबटाचा जोर मोडंल."

झिलूने थोडे थोडे घालून ढवळले. गोळा सैल पडला, मग विरघळला, आणि पाणी पुन्हा नितळ झाले.

मूर्ती झिलूच्याच हाताने रंगली. तुळजाला मात्र गावाने जत्रेबाहेर काढले, ते कायमचे. पालखी दारावरून जाई तेव्हा ती आत कडी लावून बसे. रंगाचे काम संपवून झिलूही तिच्याजवळ येऊन बसे.

"जावा की हो जत्रंला," ती म्हणे.

"रंगवली न्हवं? आता लोकं बगतील," तो म्हणे.

आज तिला नेताना भिकाजीने खांदा दिला. 

संध्याकाळी: झिलूकडे पेज पाठवली. घरातले मीठ संपले.