सोजरबाईंची कवळी

आमच्या बीडच्या दवाखान्यात आता तीन खुर्च्या आहेत आणि कवळ्या शेजारच्याच खोलीत तयार होतात. काल तिथून नुकत्याच घासलेल्या कवळीचा उग्र वास आला आणि मला नेकनूरची माझी पहिली, एका खुर्चीची खोली आठवली.

तिथे मी केलेली पहिली कवळी लिंबागणेशच्या सोजरबाईंची. वर्षभरानं त्यांचे म्हातारे यजमान, दामूअण्णा, एकटेच आले. त्यांनी रुमालातून तीच कवळी काढून माझ्या हातावर ठेवली.

“ती गेली, बाई. आता ही मला बसवून द्या.”

एकाची कवळी दुसऱ्याला बसत नसते, हे मी समजावलं. नवीन करून देते, म्हटलं.

“नवी नको. लई हौसेनं केलती तिनं.”

मी गोंधळले. आलेला माणूस नाराज होऊन जाऊ नये, दवाखाना चालवण्यातलं एवढंच मला तेव्हा कळत होतं. मी कवळी स्वच्छ धुऊन त्यांच्या तोंडात बसवून पाहिली. ती सैल होती आणि ओठ विचित्र पुढे आले. अण्णांनी आरसा मागितला. बराच वेळ ते त्यात बघत राहिले आणि मग हळूच हसले.

“टोचतंय का?” मी विचारलं.

त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते समजलं नाही. मग कवळी काढून त्यांनी रुमालात बांधली.

“बरं झालं, बाई,” म्हणाले आणि एसटी गाठायला निघून गेले.

माझं काम फसलं, असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, ते दात बसवायला आलेच नसावेत. मग कशाला आले होते, हे इतक्या कवळ्या बसवूनही मला नीट सांगता येत नाही.