झिजणारी टोकं

नोएडात नवे टॉवर उभे राहत होते, तेव्हा आम्ही तिथल्या मजुरांचं रक्त तपासायचो. पेशींतल्या गुणसूत्रांची टोकं वयाबरोबर झिजतात. कष्टकऱ्यांची लवकर झिजतात का, ते पाहायचं होतं.

विटा वाहणारी एक बाई पदराला हात पुसत समोर बसली. मी तिला 'अम्मा' म्हटलं.

"दीदी, मैं आपसे छोटी हूँ," ती शांतपणे म्हणाली. मी ओशाळले. तपासणी समजावून सांगितल्यावर तिने शेजारी विटा रचणाऱ्या आपल्या मुलीकडे पाहिलं. "इसका भी ऐसे ही घिसेगा?"

एकेका माणसाचं यावरून सांगता येत नाही, असं मी म्हणाले.

पुढच्या खेपेला मुलगी दिसली नाही. तिला गावी, मावशीकडे शाळेत धाडलं होतं. आता दोघींच्या वाट्याच्या विटा आई एकटी वाहत होती.