बाजूवाल्याचे चार्ट आणि रौंदळ मामांचं एक वर्ष

आमच्या कंपनीत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आणि किस्से दोन तासांचे! त्यामुळे रोज थोडे शिल्लक राहतात आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आत कोणीतरी ते उघडतं. गेल्या दोन महिन्यांत तर किश्श्यांचा नुसता पाऊस पडलाय, कारण आमच्यात एक नवा माणूस आलाय. माणूस म्हणजे काय, चॅटबॉट. कॉम्प्युटरवर शीट उघडली की उजव्या बाजूला त्याची खिडकी उघडते, म्हणून त्याचं नाव पडलं 'बाजूवाला'.

आमचं वर्कशॉप सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत. तीन मशीन, पंधरा-वीस माणसं. गाड्यांना लागणाऱ्या लोखंडी पिना बनवतो. मी क्वालिटीला, म्हणजे पिना मापणारी बाई. एकवीस वर्षं मापतेय. शीटमध्ये मला काय येतं विचाराल तर रकाने पिवळे करता येतात. आवडला नाही तर हिरवे.

०००

मालक देवरे साहेब एकदा कुठल्याशा उद्योजकांच्या मीटिंगला जाऊन आले. मीटिंगहून आले की दोन दिवस ते आमचे नसतातच! आले ते थेट माझ्या टेबलापाशी.

"वैशाली मॅडम, आजपासून वहीतलं सगळं चार्टवर. कोणता ऑपरेटर किती काम करतो, मला एका नजरेत दिसलं पाहिजे."

"एवढी घाई कशाला साहेब?"

"रौंदळ मामांना मार्चअखेर साठ पूर्ण होतात. एक्स्टेन्शन द्यायचं की नाही, चार्ट सांगेल."

रौंदळ मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. मूळचे कळवणचे. बोलायला कमी, पण चांगला माणूस. धाकटी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मला एकदाच म्हणाले होते, "ताई, एक वर्ष मिळालं ना, की पोरगी पायावर उभी राहते. मंग मला काय नको."

तर असं ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी भीत भीत बाजूवाल्याला लिहिलं, "मला चार्ट काढून दे."

त्याने उलट विचारलं, "या चार्टवरून तुम्हाला नेमकं काय ठरवायचं आहे?"

एकवीस वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं हो!

०००

आमचे स्टोअरकीपर गायधनी काका पंचवटीतले. घराणं पौरोहित्याचं. भाऊ घाटावर यजमान सांभाळतात, हे एकटे लोखंडात आले. खराब निघालेल्या पिना त्यांच्याकडे जमा होतात आणि त्यांची नोंदवही म्हणजे मोत्यासारखं अक्षर.

काकांना पहिल्यांदा बाजूवाल्यासमोर बसवलं, तर पाऊण तास टाइप करतायत. डोकावून पाहिलं. "सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आपली प्रकृती ठीक असावी. सोबत चार महिन्यांचा तपशील जोडला आहे, सवडीने पाहावा."

सवडीने! 'सवडीने' वाचून होईपर्यंत चार्ट तयार! काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हळूच टाइप केलं, "आपली दक्षिणा?"

उत्तर आलं, "त्याची गरज नाही. आणखी काही मदत हवी असेल तर सांगा."

काका खुर्चीत मागे रेलले. "वैशाली, आमच्या घरात सात पिढ्यांत असं वाक्य कोणी उच्चारलं नाही!"

०००

त्याच वहीत काकांनी एक गंमत करून ठेवलेली. ज्या दिवशी एकही पीन खराब निघाली नाही, त्या दिवशी ते शून्य लिहीत नाहीत. पानावर शून्य बरं दिसत नाही म्हणे! तिथे ते 'श्री' लिहितात. मी वही जशीच्या तशी शीटमध्ये उतरवलेली, लक्षातच आलं नाही.

बाजूवाल्याने मात्र थांबून विचारलं, "काही दिवसांसमोर 'श्री' आहे. त्या दिवशी एकही नग खराब नसावा असं वाटतं. शून्य धरू का?"

काका उठून उभेच राहिले. "अगं, साहेबांना हे समजावायला मला तीन वर्षं लागली!"

०००

आता देवरे साहेबांचा किस्सा. त्यांना गोल चार्ट आवडतो. तोही फुगीर, पुरीसारखा. पिनांचे तेवीस प्रकार एकाच गोलात घाला म्हणाले. बाजूवाल्याने लिहिलं, "तेवीस तुकडे वाचता येणार नाहीत. आडव्या पट्ट्यांचा चार्ट जास्त स्पष्ट दिसेल."

साहेबांनी मला बाजूला सरकवलं आणि स्वतः टाइप केलं, "मी मालक आहे."

"नक्कीच," उत्तर आलं. "हा घ्या गोल चार्ट. तुलनेसाठी पट्ट्यांचाही खाली देतो."

साहेबांनी दोन्ही प्रिंट काढून भिंतीवर लावले. गोल चार्टपुढे कोणी फिरकेना आणि पट्ट्यांपुढे गर्दी! आठ दिवसांनी साहेबांनी गोल गुपचूप काढला. वर आम्हालाच सांगतात, "बघा, मी दम दिला म्हणून दुसरा चांगला काढला त्याने!"

०००

बाजूवाला चुकतच नाही असं समजू नका. एकदा जाम चुकला. आमच्याकडे तारखेत आधी दिवस, मग महिना. त्याने बऱ्याच तारखा उलट्या वाचल्या. चालू होता मार्च आणि चार्टमध्ये रौंदळ मामा येत्या डिसेंबरमध्येसुद्धा पिना काढत होते!

नेमके मामा माप दाखवायला माझ्याकडे आलेले. स्क्रीनकडे बघत उभे राहिले. बोटाने महिने मोजले आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"ताई, डिसेंबरपर्यंत हाय माझं नाव! म्हंजे साहेबांनी वाढवून दिलं का?"

काय सांगू त्यांना! म्हटलं, "नाही हो मामा, याने तारखा उलट्या घेतल्या." मग मी चांगलं खडसावून लिहिलं बाजूवाल्याला. त्याने लगेच लिहिलं, "माझी चूक झाली. दिवस आणि महिना उलट वाचले. दुरुस्त केलं आहे."

मामांनी मला ते वाचून दाखवायला सांगितलं. ऐकून हसले.

"लगेच कबूल केलं. चांगल्या घरचा दिसतोय."

०००

आणि मग तो चार्ट आला. तीन ऑपरेटर, तीन पट्ट्या. मामांची सगळ्यात आखूड. बाकी दोन मशीनवरची पोरं भरभर काढतात आणि मामा प्रत्येक पीन मापून खाली ठेवतात, मग दुसरं काय होणार? पण पट्टी ते सांगत नाही ना!

साहेब म्हणाले, "बघा मॅडम. मला का वाईट वाटत नाही? पण दिसतंय ते दिसतंय."

"पण साहेब, त्यांच्या खराब पिनाही सगळ्यात कमी आहेत."

"कमी काढतात, म्हणून कमी खराब होतात."

साहेब गेल्यावर मी बाजूवाल्याला पटवायला बसले. "पट्ट्या अशा दाखव, की तिघे सारखे दिसतील."

तो म्हणाला, "दाखवता येतील, पण बघणाऱ्याची दिशाभूल होईल. माझा सल्ला आहे, तसं करू नका."

"मेल्या, तुझं काय जातंय!" मी मोठ्याने बोलले. स्टोअरमधून काका धावत आले, कोणाशी भांडण चाललंय म्हणून. पुढचे दोन दिवस मी बाजूवाल्याशी अबोला धरला. हसू नका, खरंच धरला!

तिसऱ्या दिवशी नाइलाजाने परत उघडला, तर आधीच्या उत्तराखाली एक ओळ होती. रागात मी ती वाचलीच नव्हती. "एका चार्टवरून माणसाचं काम ठरवणं अवघड आहे. रोजची हजेरी आणि खराब नगांची वेळ मिळाली, तर आणखी काही दिसू शकेल."

आता एवढ्या शहाण्या माणसावर किती दिवस रागवायचं?

०००

हजेरी ऑफिसात होतीच. वेळ काकांच्या वहीत होती, कारण घटका-मुहूर्ताच्या घरातला माणूस वेळ न लिहिता काही जमा करून घेत नाही. दोन्ही मी बाजूवाल्याला दिलं. थंडीचे चार महिने, तिन्ही मशीन.

नवा चार्ट आला. सगळीकडे बुटक्या पट्ट्या, आणि मध्ये मध्ये नऊ उंच. नऊ दिवस असे, की सकाळच्या पहिल्या दोन तासांत तिन्ही मशीनवर खराब पिनांचा ढीग. एका मशीनवर नाही, तिन्ही!

खाली बाजूवाल्याने लिहिलं होतं, "या नऊही दिवशी श्री. रौंदळ रजेवर होते. त्यांच्या रजेचा इतर दोन मशीनशी काय संबंध असेल, ते या आकड्यांवरून मला सांगता येत नाही. त्यांनाच विचारा."

मी प्रिंट काढला आणि जवळजवळ पळतच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांनी कागद तीनदा उलटसुलट केला. "लाइट गेली असेल. माल खराब आला असेल." मी म्हटलं, "साहेब, नऊही वेळा, आणि मामांच्याच रजेला?" मग त्यांनी मामांना बोलावलं.

मामा आले ते दारातच उभे राहिले. हात पुसायचं फडकं मुठीत. त्यांना वाटलं, निकाल लागला. साहेब म्हणाले, "मामा, आत या. बसा." मामा बसले नाहीत.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. "या दिवशी तुमच्या मशीनवर बदली माणूस होता, ते समजलं. पण बाकीच्या दोन मशीनला तुमच्याशिवाय काय होतं?"

मामांनी कागद लांब धरून पाहिला. मग अपराध्यासारखे म्हणाले, "साहेब, मी सकाळी साडेसहाला येतो ना कुलूप उघडायला... तवा तिन्ही मशीन अर्धा तास रिकामी फिरवून ठेवतो. थंडीत गार मशीन नीट माप देत नाय. पोरं सातला येतात, त्यांना गरम मशीन मिळतं. रजेच्या दिवशी कुलूप वॉचमन उघडतो. त्याला काय ते ठाऊक नाय."

कंपनीतल्या एकाही माणसाला हे माहीत नव्हतं. दोन्ही पोरांना वाटायचं, आपला हात चांगला बसलाय!

"मामा, रोज अर्धा तास आधी? कोणाला सांगितलं का नाही?"

"त्यात सांगायचं काय?"

साहेबांनी ड्रॉवर उघडला. एक्स्टेन्शनचा फॉर्म बाहेर काढला, सही केली आणि मुदतीची जागा कोरी ठेवून पेन मामांच्या हातात दिलं. म्हणाले, "तुम्हीच भरा."

मामांनी फडकं खिशात घातलं, हात शर्टाला पुसला आणि सावकाश लिहिलं, 'एक वर्ष'. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू!

मामा दाराशी पोचले तेव्हा साहेबांनी पुन्हा हाक मारली. "मामा, हे मशीन फिरवायचं तुम्हाला सांगितलं कोणी?"

"थोरल्या साहेबांनी. तुमच्या वडलांनी. मी कामाला लागलो ना, त्या पहिल्या दिवशी म्हणले होते, उद्या सकाळी जरा लवकर येऊन मशीन फिरवून ठेव."

"उद्या सकाळी?"

"हो. मंग 'आता बंद कर' असं काय ते म्हणले नाय."