आतल्या बाजूच्या शिवणी

सुमनवहिनीला मी शेवटचं भेटलो तेव्हा मी बनियनवर होतो. स्मृतिलेखाची सुरुवात अशी करू नये हे मलाही कळतं, पण झालं ते तसंच. नगरच्या दवाखान्यात तिच्यासाठी दुपारचा डबा घेऊन गेलो, स्टुलावर टेकलो, आज कसं वाटतंय असं विचारणार तेवढ्यात ती माझ्या मानेकडे बघत म्हणाली, "भावजी, कॉलर पार झिजली. काढा शर्ट." मी म्हणालो, "वहिनी, हा दवाखाना आहे." तर म्हणे, "मग? हितं लोकांना कपडे काढायलाच लावत्यात की." उशीखालच्या पिशवीतून तिनं सुई, दोरा आणि ब्लेडचं अर्धं पातं काढलं. कॉलर उसवली, झिजलेली बाजू आत आणि चांगली बाजू वर केली, आणि हातानं टाके घालत परत बसवली. मधेच थांबायची, डोळे मिटायची, पुन्हा टाका घालायची... भेटीची सगळी वेळ त्यात गेली. मी खांद्यावर टॉवेल घेऊन बसलेलो. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं विचारलं, "यांना काय झालंय गं बाई?" वहिनी सुईवरची नजर न काढता म्हणाली, "दिसतंय की. पोट." आजूबाजूच्या खाटांवरची, हसायची ताकद असलेली सगळी माणसं हसली. मी शर्ट घालून नागापूरच्या कंपनीत कामावर गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता... मी म्हणालो, "निघतो."

सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. घोडेगावला त्यांचं घर, हायवेपासून जरा आत. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन. पण तिला नुसती कपडे शिवणारी म्हटलं तर ते अर्धवट होईल, कारण नवं कापड तिच्या हातात क्वचितच असायचं. लोक तिच्याकडे जुनं घेऊन यायचे. आईचा शालू, सासऱ्याची टोपी, कधी कुणाच्या थोरल्या बहिणीचं परकर-पोलकं. माणूस गेलेला असतो, कापड ट्रंकेत असतं, टाकवत नाही आणि घालवतही नाही. त्या कापडाला आजच्या माणसाच्या अंगावर चढवायचं, एवढंच तिचं काम.

त्याची सुरुवात आमच्याच घरात झाली. आमचे वडील गेले तेव्हा ती घरात नवीनच होती. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवायचे नाहीत, दहाव्याला देऊन टाकायचे, ही आमच्याकडची रीत. गंगूआत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, गाठोडं बांधत होती. त्यात वडिलांचा लोकरीचा कोट होता. अख्ख्या आयुष्यात त्यांना एकच कोट, आणि तोही ते फक्त लग्नकार्यात घालायचे. वहिनीनं तो गाठोड्यातून हळूच ओढला. आत्या म्हणाली, "सुमन, ठिऊ नये गं. कपड्यात जीव घुटमळतो मान्साचा." वहिनी म्हणाली, "घुटमळू द्या की आत्या. आपलाच हाय, दुसऱ्याचा थोडाच हाय?" नव्या सुनेनं असं बोलायची पद्धत नव्हती. पण आत्या रडता रडता गप्प झाली आणि कोट राहिला.

त्या कोटाचं पुढे काय करायचं हे बहुतेक तिला त्याच दिवशी ठाऊक असावं, कारण माझं लग्न ठरलं तसं तिनं मला तो घालून उभं केलं. वडील काडीसारखे. मी तेव्हाही काडीसारखा नव्हतो. तरुणपणी माझी कंबर कशी होती हे मला ऐकूनच माहीत आहे. कोटाची बटणं आणि काजं यांची गाठ पडेना. वहिनीनं माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "मामंजींचं निम्मं अंग तुमच्या एका बाजूला बसंल." मग तिनं कोटाबरोबर राहिलेली वडिलांचीच जुनी पँट उसवली, तिच्या पट्ट्या काढून कोटाच्या दोन्ही कुशींत, काखेपासून खालपर्यंत, घातल्या. रंग जवळपास जुळला. लग्नाच्या दिवशी बजावून सांगितलं, "हात खाली ठिवा, कुनाला कळायचं न्हाई." पण बायकोच्या भावांनी तिला हार घालताना उचलून धरलं, आणि मला हात वर करावे लागले. सगळ्या मांडवाला माझ्या काखेत वडिलांची पँट दिसली. मी शरमेनं लाल झालो. पण त्याच गडबडीत गंगूआत्या मागून आली, कोटाच्या पाठीवर हात ठेवला, आणि हार घालून झाले तरी तिनं तो काढला नाही... त्यानंतर आत्यानं कुणाच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं नाही.

बाजाराच्या दिवशी नवरे बैल घेऊन बाजारात आणि बायका बोचकं घेऊन वहिनीकडे, असं पुढे कित्येक वर्षं चाललं. तिची एक पद्धत होती. आणलेलं कापड आहे तसं, फाटकं, ढगळ, कसंही असो, ज्याला घालायचंय त्यानं आधी ते घालून तिच्या ओट्यावर चार पावलं चालायचं. तोवर बरोबरच्या माणसानं, हे कुणाचं होतं, तो माणूस कसा चालायचा, कसा बसायचा, ते सांगायचं. मग ती चहा टाकायची. मशीनला हात नंतर. नेवाशाच्या रजियाआपा त्यांच्या वडिलांची काळी शेरवानी घेऊन आल्या होत्या. त्यांची मुलगी कॉलेजात शिकवायला लागली होती आणि तिला आजोबांच्या शेरवानीचं जॅकेट घालून पहिल्या दिवशी वर्गात जायचं होतं. वहिनीनं उंची कमी केली, खांदे आत घेतले, अस्तर नवं घातलं. रजियाआपा म्हणाल्या, "गळ्याची मागची बाजू घासलीय, तिथं पण कापड लावा ना." वहिनी म्हणाली, "तिथं न्हाई लावत आपा. एवढी एकच जागा हाय जिथं त्यांची मान लागलीय." रजियाआपांनी डोळ्याला पदर लावला, मग म्हणाल्या, "सुमन, तू रडवायचे पैसे वेगळे घेतेस का?"

तिचं सगळंच जमायचं असं मात्र नाही. एकाच्या आजीचं रेशमी लुगडं घडीवरच फाटत गेलं, दोन दिवस वहिनी नीट जेवली नाही. आणि माझ्यावर तर तिनं प्रयोगच केले. आईच्या इरकल लुगड्याचा मला शर्ट शिवला. कापड सुंदर, पण काठ नेमका पोटावरून आडवा गेला. मी तो घालून कंपनीत गेलो तर सुपरवायझर म्हणाला, "साहेब, आज हद्द आखून आलात." मी घरी येऊन वहिनीला सांगितलं तर ती हसून हसून जमिनीवर बसली. म्हणाली, "काठ बरोबर हाय. जागा चुकलीय, ती तुमी कमी करा."

असं हसणारं माणूस आजारी आहे हे कुणाच्या लक्षात येणार...

गेल्या हिवाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा, मग गावातला डॉक्टर, मग नगर. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" मी बरोबर होतो. मी दादाकडे बघितलं. दादा शुगर फॅक्टरीत काट्यावर होता. जन्मभर उसाच्या गाड्यांची वजनं केलेला माणूस. तो ठामपणे म्हणाला, "उतरलं न्हाई साहेब. कपडे तिला हायेत तसे बसत्यात." डॉक्टरांनी वहिनीकडे बघितलं. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. तो तिनं आणखी घट्ट ओढून घेतला. मग त्यांनी तिला काट्यावर उभं केलं. आकडा बघून दादानं तो काटाच खराब असेल असं म्हटलं, आणि दुसरा मागवला. दुसऱ्या काट्यानंही तेच सांगितलं.

पुढचे महिने मी लिहीत नाही. ते सगळ्या घरांत सारखेच असतात.

ती गेल्यावर दादा एकच वाक्य धरून बसला. भेटायला आलेल्या प्रत्येकाला तो तेच सांगायचा. "कपडे बसत्यात म्हनालो मी डॉक्टरला... एका ताटात जेवत हुतो, आन् मला दिसलं न्हाई." लोक म्हणायचे, असं कुणालाच कळत नसतं. तो मान हलवायचा, आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच. रात्रंदिवस तेच. तो खात नव्हता, आणि त्याचं काही खरं नाही असं मला वाटायला लागलं होतं. दहाव्याच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, "बाळू, तिचं कपाट मोकळं कर. समदं देऊन टाक. मला त्यातलं काय बघायचं न्हाई." गंगूआत्या कोपऱ्यात बसली होती, आता तिला नीट दिसत नाही. ती म्हणाली, "राहू दे रं. जिनं माझ्या भावाचा कोट ठिवला तिचंच बाहेर काढता?" दादा म्हणाला, "रीत हाय ना आत्या. मग काढा."

घरात आता काय करायचं ते ठरवायला मी उरलो होतो, म्हणजे कुणीच नव्हतं. मी कपाट उघडलं आणि नुसता उभा राहिलो. शेवटी गौरी, माझी पुतणी, पुढे आली. म्हणाली, "काका, एक तरी मी ठेवते. आईचं मला बसतं." ते खरं होतं. आई-लेकी एका मापाच्या. एकमेकींचे ब्लाऊज कायम घालायच्या. तिनं आईचा जांभळा ब्लाऊज घेतला आणि आतल्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर येईना. मग हाक आली, "काका, हे बघा ना जरा."

ब्लाऊज तिला बसत नव्हता. हुकं लागायची तर सोडाच, दंडातून हात पुढे जात नव्हता. तिनं तो उलटा केला होता. आतल्या बाजूला, दोन्ही कुशींत, दंडाला, पाठीच्या चुण्यांत शिवणीच शिवणी. एक शिवण, तिच्या आत दुसरी, तिच्या आत आणखी. प्रत्येकीचा दोरा वेगळ्या रंगाचा. त्या त्या दिवशी मशीनवर ज्याचं काम असेल त्याचाच. गौरीनं कपाटातले बाकीचे काढले. सगळे तसेच. एका शिवणीवर बोट ठेवून ती म्हणाली, "हा केशरी दोरा गौरी-गणपतीतला. तेव्हा आई शेजारच्या काकूंच्या नऊवारीचा ड्रेस करत होती... तेव्हा तर तिचं काही दुखतही नव्हतं काका."

दुखत होतं. गणपतीत आम्ही सगळे जमलो होतो, तिनं सगळ्यांना वाढलं, माझ्या पोटावर बोलली. जसं अंग उतरत होतं तसा ती कपडा आत घेत होती, आणि आम्ही कपडा बघून म्हणत होतो, वहिनी आहे तशीच आहे.

हे दादाला सांगायचं की नाही, मला कळेना. मी घाबरट माणूस आहे. पण दादा दारात येऊन उभा होता, आणि त्यानं ऐकलं होतं. तो खाटेवर बसला. गौरीच्या हातातून ब्लाऊज घेतला, उजेडाकडे धरला. काट्यावरचा माणूस, एकेक रेघ वाचत गेला. मग म्हणाला, "म्हंजे तिनं दिसू दिलं न्हाई." गौरी त्याच्या शेजारी टेकली. ती म्हणाली, "बाबा, आईनं कापड कापलं नाहीये. कायमचं लहान करायचं असलं की ती आतलं जादाचं कापून टाकायची. हे सगळं आत तसंच दुमडून ठेवलंय." दादानं बोटानं ती जाड घडी चाचपली. पुन्हा चाचपली. "परत अंग भरायचं हुतं तिला," तो म्हणाला, आणि मग, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा, तो रडला. ते काय रडणं होतं ते मला कागदावर उतरवता येणार नाही...

कपडे दिले नाहीत. दादा आता थोडंथोडं जेवतो. डॉक्टरला काय म्हणालो हे वाक्य तो अजून बोलतो, पण रोज नाही.

परवा घोडेगावला गेलो तर तो वहिनीच्या मशीनपुढे स्टुलावर बसलेला. नाकावर चष्मा, हातात ब्लेड, मांडीवर तिचा एक ब्लाऊज उलटा. एकेक टाका तोडून दोरा ओढून काढत होता. सुईदोऱ्याशी त्याचा कधी संबंध नव्हता, बोटांना दोन ठिकाणी पट्ट्या. मी म्हणालो, "गौरीला दे ना, ती पटकन उसवेल. तिला घालायचेत ना?" तो म्हणाला, "बाकीचे देतो तिला. पर ह्यो एक मीच पुरा उसवनार. तुझ्या वहिनीला एवढी बारीक ठिवायची न्हाई मला."

मी शेजारी बसलो. बाहेर हायवेवरून टेम्पो जात होते. शेवटचा दोरा निघाला तसं त्यानं ब्लाऊज सुलटा केला, मांडीवर पसरला आणि दोन्ही बाजूंनी हळूच ओढून सरळ केला. कापड रुंद झालं, जुन्या मापाचं. जिथं जिथं शिवणी होत्या तिथं सुईच्या भोकांच्या ओळी राहिल्या होत्या. दादा अंगठ्याच्या नखानं त्या घासत होता, कापडाची भोकं बुजवायला वहिनी घासायची तशी. काही बुजली. काही बुजत नव्हती. तो घासत राहिला.